पाटीखालची पट्टी

पोर्ट कॅडनच्या कौन्सिलच्या इमारतीला एकच मजला आहे. वर पत्रे, खाली फरशी, मधे माणसं. तरी बाहेर पडायच्या प्रत्येक दारापाशी ब्रेलमध्ये लिहिलेलं असतं, 'बाहेर, तळमजला'. नियमच आहे तसा. पाटी दारावर नको, दाराशेजारच्या भिंतीवर हवी. तीही कडीच्या बाजूला, बिजागरीच्या बाजूला नाही, म्हणजे मी बोटं फिरवत उभी असताना पलीकडून कुणी दार ढकललं तर माझं नाक शाबूत राहतं. उंची ठरलेली, माझ्या खांद्याच्या आसपास. आणि मजला सांगायचाच. मजला एकच असला तरी सांगायचा.

या नियमाला हसण्याचा हक्क गावात दोघांनाच होता. एक मी, डॉरीन ट्रेलोर, आणि दुसरा क्लेम हॉकिंग. बाकी साडेचार हजार लोकांना ते ठिपके म्हणजे भिंतीवर उठलेलं घामोळं. ब्रेल वाचणारे आम्ही दोघंच. आम्ही दोघंही जन्मापासून आंधळे, ॲडलेडच्या एकाच शाळेत शिकलो, एकाच वसतिगृहात वाढलो. पुढे क्लेम पियानो सुरात लावायच्या कामासाठी या भागात आला, आणि त्याच्याच सांगण्यावरून मी इथल्या इस्पितळात टेलिफोनवर बसले. एकतीस वर्षं बसले. मी आता अडुसष्टची आहे. क्लेमला जाऊन चौदा महिने झाले.

बारा वर्षांपूर्वी कौन्सिलने पहिल्यांदा या पाट्या लावल्या, तेव्हा सगळ्या गावाने आमचं अभिनंदन केलं. बेकरीवाला म्हणाला, "आता मजा आहे बुवा तुमची!" मजा कसली? त्या इमारतीत मी डोळे उघडे ठेवणाऱ्यांपेक्षा भरभर चालते. वाचनालय डावीकडे, काउंटर समोर, स्वच्छतागृहं उजवीकडच्या बोळात, सभागृह मागे. मला पाटीची गरज नव्हती. पण क्लेम म्हणाला, "डॉरीन, जरा विचार कर. एवढी सरकारी यंत्रणा राबली, एवढा कागद खर्ची पडला, आणि हे सगळं लिहिलंय फक्त तुला नि मला. असं पत्र कुणाला येतं का?"

पुढच्या मंगळवारी मी वाचनालयात ध्वनिपुस्तकं बदलायला गेले. मागच्या दाराशी सवयीने पाटीवर बोट फिरवलं. 'बाहेर, तळमजला.' त्याखाली आणखी काहीतरी लागलं. प्लॅस्टिकची बारीक पट्टी, बोटभर रुंदीची. तिच्यावर उठवलं होतं, 'पहिला मजला शोधतोय. सापडला की कळवतो.'

मी तिथेच उभी राहून इतकी हसले की काउंटरवरच्या मुलीला वाटलं मला भोवळ आली.

क्लेमकडे एक हातयंत्र होतं. चाक फिरवून अक्षर लावायचं नि मूठ दाबायची, की चिकटपट्टीवर ठिपके उठतात. स्वयंपाकघरातल्या डब्यांना आम्ही अशाच पट्ट्या लावतो. त्याच्या यंत्राचा एक दात झिजलेला होता, त्यामुळे प्रत्येक अक्षरातला खालचा उजवा ठिपका अर्धवट उठायचा. मी म्हणायचे, नवीन घे. तो म्हणायचा, हे माझं हस्ताक्षर आहे, हस्ताक्षर कुणी बदलतं का?

मग तो छंदच लागला त्याला. सभागृहाच्या पाटीखाली, 'इथला पियानो मी लावला आहे. दोष श्रोत्यांचा.' बायकांच्या स्वच्छतागृहाच्या पाटीखाली, 'माझी एक ओळखीची बाई आत तासभर लावते.' सतत खोकणाऱ्या आरोग्य तपासनिसाच्या खोलीशी, 'आत माणूस नाही. फक्त खोकला आहे.' तो सांगायचा नाही कुठे लावली. मी शोधायची. सापडली की गुरुवारी, चहाला, मी काहीतरी टोमणा मारायची आणि त्याला कळायचं. तो जाईपर्यंतच्या जवळपास अकरा वर्षांत अकरा पट्ट्या सापडल्या मला.

आणि त्या कुणी काढल्या नाहीत. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण आमच्याकडच्या लोकांना ओळखणाऱ्याला वाटणार नाही. एखाद्याने भिंतीवर साधा कागद चिकटवला तर तासाभरात कौन्सिलचं पत्र येतं. पण ब्रेल आहे म्हटल्यावर ती नियमाचीच बाब असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं. इमारत पुसणारी लुपे, ती टोंगाहून लग्न करून इथे आलेली, ती तर त्या पट्ट्या रोज ओल्या फडक्याने पुसायची आणि एखादीचा कोपरा सुटला तर दाबून बसवायची. दर तीन वर्षांनी शहरातून माणूस तपासणीला यायचा. तोही त्यांच्यासमोर बरोबरची खूण करून जायचा.

आता तुम्ही विचाराल की आमचं लग्न का नाही झालं. गावही विचारत होतं, आमच्या पाठीमागे, आणि आंधळ्या माणसाला पाठीमागचं चांगलं ऐकू येतं.

विचारलं होतं त्याने. म्हणजे विचारलं असं नाही, अर्धवट काहीतरी बोलला. मी एकेचाळीस वर्षांची होते. धक्क्याच्या टोकाला बसून आम्ही पास्टी, म्हणजे मटणाची भाजलेली करंजी, खात होतो, वारा दक्षिणेचा होता, आणि क्लेम म्हणाला, "दोन घरांची भाडी भरण्यापेक्षा..." आणि थांबला. मला कळलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघत होते ते आलं, आणि मी घाबरले. घाबरले की माझी जीभ सुटते. मी म्हटलं, "दोन आंधळे एका घरात? अरे, चहात मीठ पडलं तर बघणार कोण?"

तो हसला. मनापासून हसला असं मला तेव्हा वाटलं. मग त्याने विषय बदलला, आणि पुढची सव्वीस वर्षं तो विषय परत काढला नाही. मीही काढला नाही. मी वाट बघत होते की तो पुन्हा विचारेल. माझ्या थट्टेला लोक सरावलेत, एकदा नाही म्हटलं तर माणूस परत विचारतो, असं मला वाटत होतं. क्लेमने विचारलं नाही. दर गुरुवारी चार वाजता चहाला आला, पाच वाजता काठी टेकत गेला.

तो गेला तेव्हा त्याची पुतणी पर्थहून आली होती. तिने घर दोन दिवसांत रिकामं केलं. मला म्हणाली, "काकांची काही आठवण हवी का तुम्हाला?" मी ते हातयंत्र मागून घेतलं. त्यात अजून अर्धं रीळ शिल्लक होतं. आणून ड्रॉवरमध्ये टाकलं ते टाकलं. कुणाला लिहू? वाचणारा एकच होता.

त्याचा आवाज कुठे टेप केलेला नाही. फोटो माझ्या काय कामाचे? सहीसुद्धा त्याची डोळसांच्या लिपीत, कागदावर सपाट. राहिल्या त्या अकरा पट्ट्या. म्हणून मी दर मंगळवारी जात होते. ध्वनिपुस्तक हे निमित्त. मागच्या दारापासून सुरुवात करायची आणि एकेक दार घेत पुढे यायचं. बोटाखाली तो अर्धा ठिपका आला की वाटायचं, आहे. आत्ताच इथून गेला, पुढच्या दाराशी असेल. बाकी आठवडाभर मी घरात टिनच्या डब्यांवरची अक्षरं वाचते. 'साखर', 'डाळ', 'चहा'. ती मीच लिहिलेली.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मागच्या दाराशी हात नेला आणि हाताला भिंत लागली.

नुसती भिंत. चार ठिकाणी वाळलेल्या गोंदाचे गोळे. मला वाटलं दार चुकलं. मी मागे जाऊन पुन्हा आले. दार तेच होतं. मग पुढच्या दाराशी गेले, तिथेही गोंद. बायकांच्या स्वच्छतागृहाशी गोंद. मी बोळातून जवळपास धावले असेन, कारण काठी कुणाच्या तरी बादलीवर आपटली आणि लुपेचा आवाज आला, "डॉरीन, अहो सावकाश! फरशी ओली आहे."

"पाट्या कुठायत?"

"काढल्या. शुक्रवारीच काढल्या सगळ्या."

काउंटरवर ब्रॉनविन होती. इमारतीची देखभाल तिच्याकडे असते. बाई कामाची चोख आहे, पण माझ्याशी बोलताना आवाज चढवते. डोळे नाहीत म्हणजे कानही नसतील असा पुष्कळांचा हिशेब असतो.

"अहो डॉरीन, त्या पार फिक्या पडल्या होत्या," ती ओरडली. "पाटीच्या आणि भिंतीच्या रंगात ठरावीक फरक लागतो ना, कमी दिसणाऱ्यांसाठी. उन्हाने सगळा रंग उडाला होता. तपासणीत नापास! नवीन येतायत."

"जुन्या कुठायत?"

"कचऱ्यात गेल्या की."

"कुठल्या कचऱ्यात?"

"म्हणजे... डेपोत. आता तिथे काय मिळणार? तिथे रोज बुलडोझर फिरतो." मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. "तुम्हाला अडचण होतेय का? तुम्ही तर या इमारतीत माझ्यापेक्षा सराईत आहात. मी येऊ का बरोबर, कुठे जायचंय?"

मला कुठेच जायचं नव्हतं. मी तिला काय सांगणार? की बारा वर्षं तुमच्या भिंतींवर एक माणूस माझ्याशी बेकायदा बोलत होता? मी म्हटलं काही नाही, आणि बाहेर आले. कुठल्या दाराने आले ते आठवत नाही.

घरी येऊन मी खुर्चीत बसले आणि रडले. क्लेमच्या अंत्यविधीला मी रडले नव्हते. तेव्हा वाटत होतं अजून काहीतरी उरलंय. चार वाजता किटली लावली, एक कप काढला, आणि सवयीने दुसराही काढला, आणि परत ठेवला. गुरुवारही नव्हता तो.

नंतरचे चार मंगळवार मी गेले नाही. पाचव्या आठवड्यात ब्रॉनविनचा फोन आला.

"डॉरीन, एक मदत हवीय. नवीन पाट्या बसल्यात. पण या वेळी फॉर्म बदललाय. ब्रेल वाचणाऱ्या माणसाने तपासून सही करायची, असं कलम आहे. शहरातून माणूस आणायचा तर महिना जाईल. तुम्ही याल का?"

माझ्या मनात आलं, सांगावं की तुमच्या पाट्या तुम्ही वाचा. पण घरात बसून तरी काय करत होते मी? म्हटलं, येते.

सोमवारी इमारत लोकांसाठी बंद असते. पाट्या करणारा टासो कॅनेलोस दाराशी उभा होता. पन्नाशीचा असेल. दुकान आहे त्याचं लोकरीच्या गोदामामागे, दुकानांच्या पाट्या, बोटींची नावं, कबरीवरच्या तबकड्या, सगळं करतो. हाताला भुशाचा वास.

"मिस ट्रेलोर, मी आधीच सांगतो," तो म्हणाला, "मला यातलं एक अक्षर वाचता येत नाही. नेहमीचा मजकूर कॉम्प्युटर काढून देतो. मी भोकं पाडतो नि त्यात मणी ठोकतो. एकेका पाटीला शंभर-शंभर मणी. खसखशीएवढा एकेक. एक हातातून पडला तर गेलाच समजा."

"डॉरीन म्हण. आणि चुकलं असेल तर मी सोडणार नाही."

"सोडूच नका. माझ्या बायकोनेही कधी सोडलं नाही."

आम्ही मागच्या दारापासून सुरुवात केली. पाटी कडीच्या बाजूला होती. उंची बरोबर. मी बोट टेकलं. 'बाहेर, तळमजला.' नवे धातूचे मणी, गार नि गोल. ठीक आहे म्हणून मी हात काढणार, तोच बोटाच्या कडेला खाली आणखी काहीतरी लागलं.

पट्टी नव्हती. पाटीतच होतं, त्याच मण्यांत.

'पहिला मजला शोधतोय. सापडला की कळवतो.'

मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. प्रत्येक अक्षरातला खालचा उजवा ठिपका बाकीच्यांपेक्षा खोल बसवला होता, अर्धवट. क्लेमचं हस्ताक्षर.

"काय झालं?" टासो घाबरला. "उलटं बसलं का? मला वाटलंच होतं, त्या खालच्या ओळींनी माझा जीव घेतला."

"ही ओळ कुठून आणलीस?" मी विचारलं.

"जुन्या पाटीवरून. ऑर्डरमध्ये लिहिलंय ना, 'पहिल्यासारख्याच'. कचऱ्यात टाकायच्या आधी मी सगळ्या दोन दिवस दुकानात नेल्या होत्या, मापं घ्यायला. बघतो तर बऱ्याच पाट्यांखाली एक पारदर्शक पट्टी. म्हटलं ही मागाहून आलेली दुरुस्ती दिसतेय. नियमांचं काय, दर वर्षी नवीन. कॉम्प्युटरमध्ये तो मजकूर नव्हता. मग भिंग लावून एकेक ठिपका मोजला, कागदावर उतरवला नि त्यावरून हाताने काढला. जिथे ठिपका बुटका होता तिथे मणी खोल ठोकला. म्हटलं तेही नियमात असेल. चार रविवार गेले माझे."

चार रविवार हा माणूस वाकून बसला होता आणि क्लेमचे फालतू विनोद मण्यांनी जडवत होता, एक अक्षर न समजता. मला त्याच्या हाताचा मुका घ्यावासा वाटला. पण मी ट्रेलोर आहे, आमच्यात असलं करत नाहीत.

"बरोबर आहे का?" त्याने विचारलं.

ब्रॉनविनने मघाशी मला फॉर्म वाचून दाखवला होता. त्यात पाचवा प्रश्न सरळ होता : आवश्यक मजकुराशिवाय पाटीवर दुसरं काही लिहिलेलं आहे का? मी खरं सांगितलं तर या सगळ्या पाट्या उतरणार, टासोला फुकट नव्या कराव्या लागणार, आणि क्लेम दुसऱ्यांदा कचऱ्यात जाणार. खोटं सांगितलं तर माझ्या नावावर खोटी सही. आयुष्यभर टेलिफोनवर बसले, एकही फोन चोरून ऐकला नाही मी. मी तशी बाई आहे.

"पुढे चल," मी म्हटलं. "सगळं बघून सांगते."

सभागृह. वाचनालय. तपासनिसाची खोली, अजून खोकला आतच. बायकांच्या स्वच्छतागृहाशी पोचलो तेव्हा मला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. मी मोजत होते. दहा. पुढच्या दाराशी अकरा.

"झालं," मी म्हटलं.

"कुठे झालं? अजून एक आहे की. बारा पट्ट्या होत्या."

"अकरा."

"अहो, मी केल्यात ना? बारा. शेवटचीने तर कंबर मोडली माझी. चार ओळी! एका भांड्यासाठी चार ओळींचा नियम करणारा कोण शहाणा असेल?"

"कुठे आहे ती?"

टासो जरा अडखळला. "पुरुषांच्या स्वच्छतागृहात. आत, ती आधाराच्या दांड्या लावलेली खोली असते ना, काठीवाल्यांसाठी, तिच्या दाराशी. जायचं का? थांबा, मी आधी बघून येतो." तो आत गेला. त्याची हाक भिंतींवर घुमली, "कुणी आहे का रे? बाईमाणूस येतंय!" कुणी नव्हतं, फक्त लुपे फरशी पुसत होती. ती म्हणाली, "या डॉरीन. आत्ताच धुतलंय. घाबरू नका."

अडुसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा पुरुषांच्या स्वच्छतागृहात शिरले. क्लेम रोज दुपारी बाजारातून परतताना इथे यायचा, हे मला माहीत होतं. गुडघे दुखायचे त्याचे, दांड्या लागायच्या. लुपेने माझा हात धरून पाटीवर ठेवला.

वरची ओळ नेहमीची. मग तो अर्धा ठिपका.

'डॉरीन इथे येणार नाही
म्हणून इथे लिहितो.
चहात मीठ पडलं असतं
तरी मी प्यायलो असतो.'

नळ ठिबकत होता. मला धक्क्यावरचा वारा आठवला, पास्टीचा गरम कागद मांडीवर आठवला, आणि त्याचं हसणं. ते हसणं खरं नव्हतं. सव्वीस वर्षं मी त्या एका हसण्यावर भिस्त ठेवून बसले होते. आणि तो कधीतरी एका दुपारी, दुखऱ्या गुडघ्यांनी, या एकाच जागी, जिथे माझं बोट पोचणार नाही अशी त्याची खात्री होती, तिथे उभा राहून हे चिकटवून गेला होता. रोज येऊन स्वतःच वाचत असेल. आणि गुरुवारी माझ्याकडे चहा पीत असेल, दोन चमचे साखरेचा.

"लुपे," मी विचारलं, "ही पट्टी कधीपासून होती इथे?"

"मी कामाला लागले तेव्हापासून. आठ वर्षं. याच्या कडा सारख्या सुटायच्या, हात लागून लागून. मी गोंद लावायची."

आठ वर्षं. म्हणजे तो गेला त्याच्या आधी जवळपास सात वर्षं हे इथे होतं, माझ्यापासून एका भिंतीपलीकडे. शेजारच्याच दाराशी उभी राहून मी त्याच्या टोमण्याला हसत होते.

"एवढं लांबलचक काय लिहिलंय?" टासोने हळूच विचारलं. "मला चार रविवार तोच प्रश्न पडलाय."

मी पाटीवरून हात काढला, कोटाच्या खिशात घातला.

"नियम आहे," मी म्हटलं.

"सगळं?"

"सगळं. एक ठिपका चुकला नाहीयेस तू."

काउंटरवर ब्रॉनविनने पाचवा प्रश्न पुन्हा मोठ्याने वाचला. जादा मजकूर आहे का? मी म्हटलं नाही. तिने माझं बोट रेघेवर टेकवलं आणि मी सही केली. सरळ, स्वच्छ, आयुष्यातली पहिली खोटी सही. मला काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर वाटलं की लग्नाच्या नोंदवहीसारखा हा कागद जरा उशिराच आला.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तीन दिवस मी ड्रॉवरकडे फिरकले नाही. मी कसली चिडले होते! स्वयंपाकघरात भांडी आपटत होते, रिकाम्या खुर्चीला बोलत होते. तुला काय झालं होतं दार ठोठावायला? संडासाच्या भिंतीला सांगितलंस, मला नाही? आणि मग मला माझाच आवाज ऐकू यायचा, मीठ, मीठ, काय ती अक्कल पाजळली होती, आणि मी गप्प बसायची.

गुरुवारी चार वाजता मी यंत्र बाहेर काढलं. चाक घट्ट झालं होतं. तेलाचा थेंब सोडला. अक्षर लावायचं, मूठ दाबायची. माझ्या हाताला त्याच्याएवढी ताकद नाही, प्रत्येक अक्षराला दोन्ही हात लागले. पण त्याच यंत्राचा तोच झिजलेला दात, त्यामुळे माझे शब्द त्याच्या हस्ताक्षरात उमटले.

पाच वाजता इमारत बंद होते. मी पावणेपाचला गेले. लुपे बोळात होती.

"पुरुषांचं रिकामं आहे का?"

"आहे. पण का हो?"

"दुरुस्ती आलीय," मी म्हटलं. "एक ओळ राहिली होती."

ती दार धरून उभी राहिली. मी भिंत चाचपत आत गेले, पाटी सापडली, चार ओळी सापडल्या. त्यांच्या खाली, बोटाने अंतर मोजून, मी माझी पट्टी सरळ लावली नि अंगठ्याने दाबत गेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

'मग पुन्हा विचारायचंस की, गाढवा.'

ती वाचायला या गावात कुणी नाही. मी मेल्यावर तर या इमारतीतलं एकही अक्षर वाचायला कुणी उरणार नाही. पाट्यांचे रंग उडतील, कुणी नवा टासो येईल, भिंग लावून पाच ओळी उतरवेल आणि नियम करणाऱ्यांना शिव्या घालेल.

लुपे जवळ आली. तिने पट्टीवरून ओलं फडकं फिरवलं, कोपरे दाबून पाहिले.

"नीट बसलीय," ती म्हणाली. "मी लक्ष ठेवीन."